संकल्प आणि सैंधव

ज्येष्ठ शुद्ध एकादशीला निर्जला हे नाव शास्त्रकारांनी दिले. पण त्या नावाचा अर्थ अंगावर घेऊन पाहावा असा मुलूख म्हणजे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा आमचा पांढुर्णा-सौंसरचा टापू. नवतपा सरलेला किंवा सरत आलेला असतो, जामच्या पात्रात गोटे आणि वाळू यांखेरीज फारसे काही उरलेले नसते, मृगाचा पाऊस आला तर आला, नाही तर आर्द्रा लागेपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे, आणि संत्र्याच्या बगीच्यांतल्या विहिरींनी तर असा तळ गाठलेला असतो की मोटार सुरू केल्यावर घटकाभरात ती बंद करण्यासाठी पुन्हा धावावे लागते. अशा दिवशी एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत, आचमनाचे थेंब सोडले तर, पाण्याला न शिवण्याचा संकल्प करणारी माणसे, आणि त्यांत साठी-सत्तरी उलटलेल्या स्त्रियाच अधिक, आजही येथे आढळतात. वर्षातल्या साऱ्या एकादशांचे फळ या एकीत मिळते, असे व्यासांनी भीमाला सांगितल्याची कथा आहे. ज्याच्या उदरात वृक नावाचा अग्नी सदैव पेटलेला, त्या वृकोदराला पंधरवड्याच्या एकादशा झेपेनात, म्हणून त्याच्यासाठी काढलेली ही वाट. कथा मनोज्ञ आहे खरी. परंतु तिच्या मागे उभा असलेला प्रश्न तितकासा सोपा नाही. तहान ज्याने जिंकली त्याने नेमके काय जिंकले? ज्याला तहान लागते तो देह आणि जो तहान सोसण्याचा निश्चय करतो तो ‘मी’, हे दोघे खरोखरच इतके वेगळे आहेत काय, की एकाने दुसऱ्याला कोरडे ठेवावे आणि स्वतः मात्र ओलाव्यात राहावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधुनिक वैद्यकाकडे धाव घेण्याचे आरंभी तरी कारण नाही, कारण आपल्याच छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न केवळ चर्चिलेलाच नव्हे, तर प्रयोगाने तपासलेला आहे. बारा वर्षे गुरुगृही राहून, सारे वेद शिकून, विद्येच्या किंचित ताठ्याने घरी आलेल्या श्वेतकेतूला त्याचा पिता उद्दालक आरुणी सांगतो की, मन हे अन्नाचे आहे, प्राण हा पाण्याचा आहे आणि वाणी ही तेजाची आहे. पुत्राला ते पटत नाही, निदान पुरते उमगत नाही. तेव्हा पिता वादविवाद न वाढवता त्याला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास लावतो, मात्र त्याच आज्ञेत पाणी हवे तितके पिण्याची मुभा देतो, कारण प्राण पाण्याचा असल्यामुळे पाणी पिणाऱ्याचा प्राण तुटत नाही. सोळाव्या दिवशी पुत्र पित्यापुढे येतो. ऋचा म्हण, यजुर्मंत्र म्हण, साम म्हण, असे पिता सांगतो, आणि ज्याने बारा वर्षे घोकून सारे कंठस्थ केले त्याला एक अक्षरही आठवत नाही. मग तो जेवतो, पुन्हा येतो, आणि विचारले ते सारे म्हणून दाखवतो. पुरुष सोळा कलांचा. पंधरा झिजल्या आणि एकच उरली होती, असा निर्णय पिता देतो.

या आख्यानाकडे आपल्या टीकाकारांचे लक्ष तत्त्वाच्या अंगाने पुष्कळ गेले. पण त्यातल्या एका बारकाव्याकडे माझे मन वारंवार वळते. उद्दालक काही उपवासाचे माहात्म्य सांगत नाही. देह झिजवला म्हणजे ज्ञान उजळते, असे त्याला सिद्ध करावयाचे असते तर उपाशी श्वेतकेतूच्या मुखातून वेद अधिक शुद्ध निघावयास हवे होते. निघाले काहीच नाही. शिवाय पुत्राच्या मनावर प्रयोग करण्याचा धीर ज्या पित्याने दाखवला, त्यानेही पुत्राचे पाणी तोडण्याचा धीर दाखवला नाही. अन्नाविना मन विझते आणि पुन्हा पेटवता येते, परंतु पाण्याविना जो प्राण तुटेल तो जोडून देणे आपल्या हाती नाही, हा विवेक त्या एका मुभेत आहे. त्याच अध्यायात थोडे अलीकडे, प्यालेल्या पाण्याचा स्थूल अंश मूत्र होतो, मध्यम अंश रक्त होतो आणि सूक्ष्म अंश प्राण होतो, अशी विभागणी दिलेली आहे. येथे सारे आधुनिक शारीरशास्त्र ऋषींना आधीच ठाऊक होते, अशी आरोळी ठोकण्याचा मोह कित्येकांना होतो. मला तो होत नाही. ऋषींपाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, वृक्काची रचना त्यांनी पाहिली नव्हती, आणि त्यांची महत्ता त्याने रतिमात्र उणी होत नाही. मूत्र, रक्त आणि प्राण या तिघांना एका पाण्याच्या सूत्रात ओवण्याचे धैर्य त्यांनी केले, आणि त्यांतल्या पहिल्याची किळस करून तिसऱ्याची पूजा करण्याचा दुटप्पीपणा केला नाही, एवढे मला पुरे वाटते.

आता देहाचा हिशेब पाहू. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत असते आणि एक तृतीयांश बाहेर. बाहेरच्यापैकी रक्तद्रवाच्या रूपाने वाहिन्यांतून फिरणारे जेमतेम तीन लिटर. आतल्या पाण्यात पोटॅशियमचे प्राबल्य, बाहेरच्या पाण्यात सोडियमचे, म्हणजे साध्या भाषेत मिठाचे. ही दोन पाणी एका अतिशय पातळ पडद्याने विभागलेली असतात, आणि त्या पडद्यातून सोडियम सतत आत झिरपू पाहते व पोटॅशियम बाहेर. त्यांना आपापल्या जागी ठेवणारी यंत्रणा डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली शोधून काढली आणि त्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले: पेशीच्या पडद्यातला एक प्रथिनरेणू दर फेरीस तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. मनुष्य निजलेला असो, ध्यानस्थ असो की नुसता ओट्यावर बसलेला असो, त्याच्या देहाच्या विश्रांतीच्या काळातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक या एकाच कामावर खर्च होतो. काम थांबले तर काय होते? आतले आणि बाहेरचे पाणी हळूहळू एकसारखे होते, भेद मावळतो, पूर्ण साम्य येते. आणि त्या साम्यालाच आपण मृत्यू म्हणतो.

गीतेने ज्या समत्वाला योग म्हटले त्याविषयी आपल्याकडे एक आळशी समजूत रूढ आहे, की ते म्हणजे सुखदुःखांचा स्पर्श न होणारी एखादी निश्चल, थिजलेली अवस्था असावी. देहाकडे पाहणाऱ्याला ही समजूत टिकवून धरणे कठीण जाते. रक्तातले सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात वर्षानुवर्षे राहते, मनुष्य उसाचा रस पिवो की लोणचे खावो, नवतप्यात डवरणी करो की पुसात शेकोटीपाशी बसो. आणि ही स्थिरता अखंड उलाढालीतून येते. दोन्ही वृक्के मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, म्हणजे सगळा रक्तद्रव दिवसातून साठेक वेळा तपासला जातो, आणि त्यातून लघवीवाटे बाहेर जाते अवघे दीड लिटर. बाकीचे सारे, कणाकणाची रुजवात घेऊन, परत रक्तात सोडले जाते. फ्रान्समधले शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी, त्यांच्या निधनाच्या वर्षी म्हणजे १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, देहातल्या या अंतर्गत परिसराची स्थिरता हीच प्राण्याच्या स्वतंत्र जीवनाची अट असल्याचे सांगितले होते. बेडकाला डबक्याजवळ राहावे लागते. मनुष्य आपले डबके त्वचेच्या आत घेऊन फिरतो, म्हणून तो विहिरीपासून कोसभर लांब जाऊन शेत नांगरू शकतो, देवळात बसून जप करू शकतो, आणि पाणी न पिण्याचा संकल्पही करू शकतो.

येथे निर्जळी पाळणाऱ्यांच्या कानी एक गोष्ट घालावीशी वाटते. संकल्प आपण करतो. देह तो पाळत नाही. पाण्याचा थेंब वर्ज्य केलेल्या दिवशीही, देहात तयार होणारी घाण बाहेर टाकण्यासाठी वृक्कांना किमान अर्धा लिटर पाणी खर्च करावेच लागते. श्वासातून आणि त्वचेतून पाऊण-एक लिटर नकळत उडून जाते. घामाचा हिशेब निराळा. उलट बाजूस, साठवलेली चरबी जाळून देह आपल्याआपण थोडे पाणी निर्माण करतो, दिवसाला अदमासे पाव लिटर. मेंदूच्या तळाशी रक्ताची तीव्रता मोजणारी केंद्रे असतात. ती तीव्रता शेकडा एक-दोन इतकी वाढली तरी तहानेची जाणीव उठते, आणि त्याच्याही आधी मस्तिष्कग्रंथीतून एक स्राव सुटून वृक्कांना पाणी राखण्याचा हुकूम पोहोचतो. लघवी गडद होते, थोडी होते, जळजळते. उन्हाळी लागली, असे आपण म्हणतो. म्हणजे बाहेरून निर्जळी चाललेली असता आत जलव्यवहाराची धांदल इतर कोणत्याही दिवसापेक्षा अधिक असते. देहाला व्रत ठाऊक नाही. त्याला केवळ टंचाई ठाऊक आहे.

तपाचा कैवारी यावर म्हणेल, आणि पांढुर्ण्याचा असेल तर हमखास म्हणेल, की टंचाईनेच फूल धरते. संत्र्याचा बगीचा पाहा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडे बगीच्याचे पाणी तोडतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी भर उन्हाळ्यात, ओलीत बंद करून झाडाला ताण देतात. हिरवीगार पाने आधी मलूल होतात, मग फिक्कट, मग दुपारी कडेने वळू लागतात. झाडाची वाढ थांबते, अन्नरस फांद्यांत साठतो, आणि मग आळी करून शेणखत टाकून पाणी सोडले, की थोड्याच दिवसांत साऱ्या बगीच्यावर पांढऱ्या फुलांचा असा बहर येतो की वासाने वाटसरू थबकावा. ज्या झाडाला ताण बसला नाही ते नुसते पालवत राहते, फळत नाही. उपवासाचे, संयमाचे, ब्रह्मचर्याचे समर्थन करण्यासाठी याहून सरस दृष्टांत शास्त्रकारांना सापडला नसता, आणि त्यातले तथ्य मी मनःपूर्वक मान्य करतो. भोगाला कधीही खंड न पडलेले जीवन पानांनी गच्च भरलेले आणि फळाला पारखे असू शकते.

परंतु बगीचेवाला ताण देतो तो कसा, हे कोणी पांदणीतून उतरून बांधावर उभे राहून पाहावे. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा. म्हणून एकाच गावात एकाच दिवशी सगळ्यांचे पाणी सुटत नाही. म्हाताऱ्या झाडाला, रोगट झाडाला, गेल्या बहाराने थकलेल्या झाडाला जाणता मनुष्य ताण देतच नाही, किंवा बेताचा देतो. तो रोज सकाळी फिरतो, पान चुरगळून पाहतो, बोटाने माती उकरतो. ताण हाताबाहेर गेला तर पाने गळतात, फांद्यांवर सल येते, आणि मग ती करवतीने काढत बसण्यापलीकडे वर्षभर दुसरे काम राहत नाही. आता या दृष्टांतात आणि निर्जळी व्रतात जो फरक आहे तो माझ्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. बगीच्यात ताण सोसणारे झाड एक आहे आणि ताण मोजणारा बगीचेवाला दुसरा; झाड सुकले तरी त्याची नजर सुकत नाही. व्रतस्थ मनुष्यात हे दोघे एकाच कातडीत नांदतात. झाडाला जेव्हा अतिरेकी ताण बसतो, नेमक्या त्याच क्षणी बगीचेवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आता पाणी सोडावे हे ज्याला कळावयाचे तोच जागेवर राहत नाही.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर ज्येष्ठ महिन्यात आमच्या भागातल्या कोणत्याही दवाखान्यात दिसणारी हकीकत सांगतो. आजी पंचाहत्तरीच्या; रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, जी पाण्यासंगे मीठही बाहेर काढते. उन्हाने भूक मेलेली, रविवारचे अळणी व्रत, त्यात एकादशी. वयोमानाने तहानेची जाणीवच बोथट झालेली असते, म्हणून निर्जळी त्यांना जड जात नाही, आणि घरच्यांना तो निष्ठेचा प्रभाव वाटतो. बारशीला पारणे होते. घशाला पडलेल्या कोरडीवर उतारा म्हणून दिवसभर तांब्यामागून तांब्या नुसते पाणी पोटात जाते. मीठ आधीच उणे, त्यात पाण्याची भर. दोन दिवसांनी आजी सुनेला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागतात. ‘लिले, वासरू सोडलं का वं?’ असे मध्यरात्री विचारतात. गोठा मोडून तीस वर्षे झालेली असतात. कोपऱ्यात कोणी बसल्याचे सांगतात. अंगाला ताप नाही, जखम नाही. शेजारची बाई हळूच म्हणते, ‘बाहेरचं लागलं असंन, जामसावळीले घेऊन जा.’ सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निद्रिस्त मारुती आहे. त्याच्या नाभीतून येणारे पाणी तीर्थ म्हणून घेण्यासाठी, विशेषतः मन बिघडलेल्या माणसांना घेऊन, दूरदूरचे लोक येतात. त्या स्थानाविषयी माझ्या मनात अवमान नाही; ज्यांना कोठेच थारा नाही अशा वेड्या माणसांना जेथे अंगणात बसू देतात ते स्थान मला आदरणीय वाटते. पण या आजींचे रक्त तपासले तर सोडियम १३५ च्या किती तरी खाली, कधी ११५ वर, उतरलेले सापडते. बाहेरचे पाणी पातळ झाले म्हणून ते मेंदूच्या पेशींत शिरले, पेशी फुगल्या, आणि कवटी ताणत नसल्यामुळे आत दाटी झाली. कोपऱ्यात बसलेला तो जो कोणी होता, तो एवढाच.

उपचारही मोठा बोलका आहे. मीठ उणे, तर मीठ द्यावे, इतके सोपे ते नाही. घाईने भरपाई केली तर मेंदूच्या देठातल्या तंतूंचे आवरण कायमचे जळून जाते, आणि वाचलेला रोगी वाचा व हालचाल गमावून बसतो. म्हणून जाणता डॉक्टर चोवीस तासांत आठ-दहा अंकांहून अधिक चढू देत नाही, दर काही तासांनी रक्त तपासतो, आणि नातेवाइकांचा तगादा सोसून धीर धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजी सुनेला तिच्या नावाने हाक मारतात आणि विचारतात, आज तिथी कोणती?

आता तत्त्वज्ञाने या खाटेपाशी उभे राहून उत्तर द्यावे. आजींचा संकल्प कोठे गेला होता? पन्नास वर्षांची निष्ठा, नामस्मरणाची सवय, सुनेवरची माया, हे सारे मिठाच्या चिमटीबरोबर वाहून गेले आणि मिठाच्या चिमटीबरोबर परत आले. जडवादी म्हणेल, मग आत्मा म्हणजे मीठच झाले. वेदान्ती म्हणेल, बिघडला तो अंतःकरणाचा आरसा. साक्षी अबाधित होता. दोघांच्याही उत्तरात मला घाई दिसते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य संसार सोडून निघताना मैत्रेयीला नेमका याच पदार्थाचा दृष्टांत देतो: पाण्यात टाकलेला सैंधवाचा खडा विरघळतो, हाताने पुन्हा उचलून काढता येत नाही, पण कोठूनही पाणी घ्या, ते खारटच, तसे हे महद्भूत विज्ञानघन, ते या भूतांतून उठते आणि त्यांच्याबरोबरच लयाला जाते, आणि गेल्यानंतर संज्ञा उरत नाही. हे ऐकून मैत्रेयी संतुष्ट होत नाही. येथे तुम्ही मला मोहात पाडलेत, असे ती स्पष्ट म्हणते. आपल्या परंपरेतल्या अत्यंत प्रामाणिक उद्गारांपैकी हा एक आहे, आणि याज्ञवल्क्याने पुढे केलेल्या स्पष्टीकरणानंतरही तिची शंका पुरती फिटली असेल असे मला वाटत नाही. माझीही फिटलेली नाही. साक्षी असेल, पण साक्षी व्रत करीत नाही. व्रत करतो तो कर्ता, ज्याला तिथी आठवते, देवता आठवते, आपण कशासाठी उपाशी आहोत हे आठवते. आणि तो कर्ता या पाण्याच्या आणि मिठाच्या मेळातच राहतो. ज्या बिंदूपलीकडे हा मेळ फिसकटतो, त्या बिंदूपलीकडे व्रत कठोर होत नाही. ते व्रतच राहत नाही, कारण ते धरणारा कोणी घरात उरलेला नसतो. मर्यादा बाहेरून वैद्याने घातलेली नाही. ती व्रताच्या पोटातच आहे.

यावर एक भारदस्त आक्षेप येतो, आणि तो आमच्या दक्षिणेला, वर्ध्याच्या बाजूने येतो. धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, औषध आणि पाणीही नाकारले, इंदिरा गांधींसारख्यांची विनवणी मानली नाही, आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, देह ठेवला. ज्याने आयुष्यभर गीता जगून दाखवली त्याने शेवटी पाणी सोडले, मग पाणी सोडणे अधर्म कसे? माझे उत्तर असे की प्रायोपवेशनात पाणी सोडणारा देह राखून पुण्य मिळवावयास निघालेला नसतो. तो देहाचा निरोप घेतो, आणि कर्ता मावळणार हे जाणूनच घेतो. ते योग्य की अयोग्य हा निराळा वाद आहे. जैनांच्या सल्लेखनेवर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, इतका तो नाजूक आहे. पण त्या सल्लेखनेतही क्रम कसा, तर आधी अन्न, मग दूध, मग ताक-कांजी, आणि अगदी अखेरीस पाणी. देहत्यागाला निघालेल्या साधकाला जे सर्वांत शेवटी सोडावयास सांगितले, ते जिवंत राहून उद्या सडा-सारवण करावयाच्या गृहिणीने सर्वांत आधी सोडावे, यात मला काही केल्या संगती दिसत नाही. उपवासाचे शास्त्र ज्यांनी राजकारणात आणले त्या गांधीजींनी १९४३ साली आगाखान महालात २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा तो शक्तीनुसार करावयाचा उपवास आहे असे त्यांनी आधीच जाहीर केले होते आणि पाणी पिता यावे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालण्याची मुभा ठेवली होती. त्याने त्या उपवासाचे तेज उणावले, असे इंग्रज सरकारलाही म्हणता आले नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे. त्यात मनुष्याने रोधू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत, आणि मूत्र, क्षुधा, निद्रा, अश्रू यांच्या पंक्तीत तहानही बसवलेली आहे. त्याच अध्यायात लगेच पुढे, अवश्य रोधावेत असे वेगही सांगितले आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या. इतका स्वच्छ सरहद्दीचा दगड दुसऱ्या कोणी रोवल्याचे मला ठाऊक नाही. आपण मात्र तो उपटून नेमका उलट्या शेतात रोवला. तहान रोधतो आणि क्रोध मोकळा सोडतो. गीतेनेही शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातल्या भूतसमूहाला आणि त्यात राहणाऱ्या ईश्वराला कृश करणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. शास्त्राने सांगितलेले ते घोर नव्हे, असा शब्दच्छल कोणी करील; त्याला म्हणावे, ज्येष्ठात ओट्यावर बसून कर.

या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जामच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन्ही गावांची एकमेकांवर दगडफेक, होते. तिचा बंदोबस्त असतो, पोलीस असतात, रुग्णवाहिका असतात, जखमींची मोजदाद होते, आणि संध्याकाळी डोक्याला पट्ट्या बांधलेल्या पुरुषांची छायाचित्रे निघतात. दोनच दिवसांनी हरतालिका येते. त्या दिवशी घरोघरच्या मुली आणि सुवासिनी, त्यांत गर्भवतीही आल्या, पाण्याचा थेंब न घेता स्वयंपाक करतात, लेकरांना पाजतात, रात्र जागवतात. त्यांना आलेली भोवळ, उठलेली डोकेदुखी, आटलेले दूध यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. २०२३ साली आमचा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, पण असल्या नोंदीचा रकाना अजून कोठे उघडल्याचे ऐकिवात नाही. पुरुषांच्या रक्ताचे कौतुक आणि स्त्रियांच्या पाण्याविषयी मौन, हा धर्म नव्हे, ही आपली सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे मागणे फार नाही. ज्यांना उपवास प्रिय आहे त्यांनी तो अवश्य करावा. मी स्वतः एकादशी मोडा असे सांगणाऱ्यांपैकी नाही. मात्र घरात साठीच्या पुढची माणसे, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मधुमेहाचे, वृक्काचे किंवा रक्तदाबाच्या गोळीचे रोगी असतील, तर त्यांच्यापुढे त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या हाताने पाण्याचा पेला धरावा, म्हणजे व्रत मोडल्याचा बोल त्यांच्यावर राहणार नाही. पारण्याला नुसते पाणी रिचवू नये. त्यात साखर, लिंबू आणि मीठ घालावे, कारण आतड्यात मीठ साखरेच्या सोबतीने चटकन शिरते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत, सलाईन संपल्यावर, साखर-मिठाचे पाणी पाजूनच पटकीच्या रोग्यांतला मृत्यू शेकडा तीसवरून चारच्या खाली आणला होता. आणि कोणी शास्त्राधार मागितलाच, तर व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टींचा जो श्लोक निबंधकार देत आले आहेत तो त्याला दाखवावा. त्यात औषध आहे, गुरूची आज्ञा आहे, दूध आहे, फळे आहेत. पण यादी सुरू होते ती पाण्यापासून.